पत्त्यांची क्रमवारी आणि एक अतिचार



गेल्या चातुर्मासातील ही गोष्ट आहे. आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पाऊस तसा बेताचाच. त्या आठवड्यात मात्र झड लागली होती. स्थानकातून प्रवचन ऐकून सावेडीच्या घरी परतलो, तेव्हा पाचवीत शिकणारा माझा नातू फरशीवर पत्ते मांडून बसला होता. मला पाहताच म्हणाला, "दादाजी, तुम्ही बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचा ना? मग माझ्या पाण्याच्या पत्त्यांचे नंबर काढून द्या. सगळ्यात भारी कोणता ते मला पाहिजे."

हे पत्ते पोकेमॉनचे. माझ्या लहानपणी आम्ही काडेपेट्यांवरची चित्रे जमवीत असू. मुलाच्या वेळी कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड आले. त्यावर पैलवानाची उंची, वजन आणि क्रमांक छापलेला असे. आता नातवाच्या हाती हे जपानी प्राणी आले आहेत. मूळ खेळ जपानमध्ये 1996 साली निघाला. खेळणाऱ्याने साठ पत्त्यांचा संच बांधायचा असतो. पत्त्यांवरील प्राण्यांचे अग्नी, जल, वनस्पती, वीज असे प्रकार आहेत. प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर त्याची सहनशक्ती अंकांत छापलेली असते. तिला मुले 'एचपी' म्हणतात. वार करण्यासाठी प्राण्याला 'ऊर्जे'चे पत्ते जोडावे लागतात. प्रतिपक्षाचा प्राणी गारद केला की आपल्या बाजूला पालथे ठेवलेले बक्षिसाचे पत्ते उचलता येतात आणि असे सहा पत्ते उचलणारा सहसा जिंकतो.

प्राण्यांची झुंज म्हटल्यावर आपल्या घरांत कपाळावर आठी येणारच. आमच्या सौभाग्यवतींनीही ती शंका काढली होती. नातवाने तिला समजावले की यातला प्राणी मरत नाही, बेशुद्ध पडतो. तिचे पूर्ण समाधान झाले असे नाही. परंतु मोबाइलपेक्षा हे बरे, असे म्हणून तिने सवलत दिली. माझा आक्षेप वेगळा होता. हे पत्ते बंद पाकिटांत मिळतात. आत कोणते दहा निघतील हे फोडल्याशिवाय कळत नाही आणि चांगला निघेपर्यंत मूल पाकीट मागत राहते. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले घेतात ते उगाच नाही. म्हणून वाढदिवस आणि दिवाळी सोडून पाकीट घ्यायचे नाही, असा नियम आम्ही घातला. पत्त्यांची अदलाबदल करण्यास मात्र मोकळीक होती. तो निर्णय माझाच होता.

त्याची स्वतःची यादी तयारच होती. ज्याची सहनशक्ती जास्त तो वरचा, असा त्याचा सरळ हिशेब. पहिला पाल्किया व्हीस्टार, एचपी 280. दुसरा चिएन-पाओ ईएक्स, 220. तिसरा बॅक्सकॅलिबर, 160. चौथा रेडियंट ग्रेनिंजा, 130. आणि तळाला बिचारा मॅजिकार्प मासा, अवघा 30.

मी चष्मा लावला आणि प्रत्येक पत्ता वाचून घेतला. कर्जप्रकरण हाती आले की नुसती मालमत्ता पाहून चालत नाही, देणीही पाहावी लागतात. पाल्किया बलवान खरा. दोन्ही बाजूंच्या राखीव बाकांवर जितके प्राणी असतील तितका त्याचा वार मोठा होतो आणि डावात एकदा, वापरून टाकलेल्या ऊर्जेतील तीन पत्ते तो परत आणू शकतो. पण तो गारद झाला तर प्रतिपक्षाला एक नव्हे, दोन बक्षिसे मिळतात. सहापैकी दोन म्हणजे एक तृतीयांश डाव गेला. चिएन-पाओची तीच गत. तो पुढे उभा असेल तर दर पाळीला गड्डीतून पाण्याच्या ऊर्जेचे दोन पत्ते हातात आणता येतात. मात्र वार करताना जितकी ऊर्जा जाळावी, तितक्या पटीने 60 चा फटका बसतो. भांडवल खाऊन नफा दाखवणाऱ्या व्यापाऱ्यासारखा तो मला वाटला. ग्रेनिंजा एक ऊर्जापत्ता टाकून दोन नवे पत्ते काढू देतो आणि बुडाला तर एकच बक्षीस जाते. तो मला जपून चालणारा खातेदार वाटला.

राहिला बॅक्सकॅलिबर. खेळाचा सर्वसाधारण नियम असा की एका पाळीत हातातील एकच ऊर्जापत्ता जोडता येतो. हा बाकावर नुसता बसलेला असला, तरी पाण्याच्या मूळ ऊर्जेपुरते हे बंधन उठते. हातात असतील तितके पत्ते, हव्या त्या सोबत्याला जोडा. चिएन-पाओने ऊर्जा आणायची, बॅक्सकॅलिबरने ती वाटायची आणि मग डाव उभा राहायचा. 1999 साली इंग्रजीत आलेल्या पहिल्या संचातील ब्लास्टॉइज या कासवाजवळ हीच शक्ती होती. म्हणजे पाण्याच्या पत्त्यांतील ही जुनी, कसाला उतरलेली रीत आहे. शिवाय हा गारद झाला तरी एकच बक्षीस जाते. मी त्याला पहिला क्रमांक दिला. जो स्वतः फार झुंजत नाही, पण इतरांना बळ पुरवतो तो थोर, असे सांगताना परस्परोपग्रहाचे तत्त्वही मी नातवाच्या कानावर घातले. दुसरा चिएन-पाओ, तिसरा पाल्किया, चौथा ग्रेनिंजा. मॅजिकार्प तळालाच राहिला. परंतु तोच पुढे बलाढ्य गॅरेडॉस होतो, म्हणून त्याला टाकून देऊ नये, असा शेरा मी मारला.

क्रमवारी सापेक्ष असते, हेही मी सांगितले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे उदाहरण दिले. गोल, लाखेचा हात दिलेले एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा आणि प्रधान धरून बारा पाने. त्यातल्या पाच रंगांत दश्शी मोठी असते, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा ठरतो. तेच पान एका अपेक्षेने थोर आणि दुसऱ्या अपेक्षेने लहान. लहान मुलाला स्याद्वाद शिकवण्याची याहून चांगली संधी कुठे मिळणार? मी स्वतःवर खूश झालो, हे कबूल करतो.

त्याच दुपारी मी त्याला आणखी एक विद्या शिकवली. बाजारात या पत्त्यांच्या नकला पुष्कळ आहेत. सोनेरी, चकचकीत, प्लॅस्टिकचे पत्ते स्वस्तात मिळतात. अस्सल पत्ता कागदाच्या थरांचा असतो आणि त्या थरांच्या मधोमध एक काळसर पदर असतो. म्हणून उजेडासमोर धरला तर प्रकाश फारसा पार जात नाही. नकली पत्त्याची अक्षरे जाड-बारीक असतात, मागच्या बाजूचा निळा रंग फिका असतो, आकडेही कधी कधी अवाच्या सवा छापलेले असतात. नोटा पारखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यात विशेष काही नव्हते. त्याच्या संग्रहातून पाच नकली निघाले. त्यांत त्याचा लाडका सोनेरी पाल्कियाही होता. तो थोडा हिरमुसला. ते पाच पत्ते मी त्याच्याकडेच राहू दिले. त्यातला एकही मी ताब्यात घेतला नाही.

पर्युषण सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो त्याच्या वहीत बॅक्सकॅलिबर दोन. विचारल्यावर आनंदाने म्हणाला, "खालच्या मजल्यावरच्या छोटूशी बदलला. त्याला सोनेरी पाल्किया दिला. त्याला काय माहीत, दादाजी! तो तर नाचायलाच लागला."

छोटू पहिलीत आहे. नातवाला माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा होती आणि तशी असण्याचे कारणही होते. कोणता पत्ता मोलाचा हे मीच सांगितले होते, कोणता खोटा हेही मीच दाखवले होते. मी दिलेल्या दोन्ही विद्या त्याने जोडल्या आणि त्यांचा व्यवहार केला. कोणी फसवले असे छोटूला वाटलेच नाही. तो आनंदात होता. त्यामुळे तर मला अधिक अस्वस्थ वाटले.

बँकेत खोटी नोट आली तर ती आणणाऱ्याला परत देत नाहीत. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात आणि पावती देतात. आणणारा बहुधा निर्दोष असतो; त्याचे नुकसान होते, तो रागावतो, कधी रडतोही. तरीही नियम तोच, कारण खोटे पुन्हा चलनात जाता कामा नये. नोकरीत हा नियम मी काटेकोर पाळला आणि घरात मात्र ते पाच पत्ते मुलाच्या हाती राहू दिले.

त्या सायंकाळी प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आले. चोराला साहाय्य करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजनमापे वापरणे आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल सांगून नकली देणे. आजवर शेकडो वेळा हे शब्द उच्चारले असतील. लहानपणी पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षेसाठी अतिचार पाठ केले होते. त्या वर्षी मला चांगले गुण मिळाले. आणि त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट त्या सायंकाळी पुढे येऊन उभी राहिली.

वडिलांचे किराणा दुकान होते. बाजाराच्या दिवशी मी गल्ल्याजवळ बसत असे. एकदा गल्ल्यात एक खोटा आठ आण्यांचा शिसवी तुकडा सापडला. दगडावर टाकला की बद्द वाजायचा. वडील आत गेले असता एक म्हातारी गूळ घ्यायला आली. तिला सुटे परत देताना मी तो तुकडा इतर नाण्यांत सरकवला. तिने पैसे मोजलेही नाहीत. पदराच्या गाठीत बांधले आणि मला म्हणाली, "औक्षवंत हो, लेकरा." वडिलांना हे कधीच कळले नाही. ती कोणत्या गावची, पुढच्या दुकानदाराने तिला काय ऐकवले असेल, मला ठाऊक नाही. तेव्हा आठ आण्यांना मोल होते. मला त्या दिवशी हुशार झाल्यासारखे वाटले होते आणि नातवाच्या चेहऱ्यावर मी तीच हुशारी पाहिली.

त्याला मी रागावलो नाही. त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. आजवर ती मी घरातही कोणाला सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "पण छोटूला सोनेरीच आवडत असेल तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "आवडो. आधी खरे सांगायचे, मग त्याला ठरवू दे. माहीत असून घेणे आणि माहीत नसताना हाती येणे यात फरक आहे."

आम्ही दोघे खाली गेलो. नातवाने पत्ता उजेडासमोर धरून छोटूला दाखवले. छोटू रडला. त्याला दोन्ही पत्ते हवे होते. शेवटी त्याने बॅक्सकॅलिबर परत घेतला. पण सोनेरी पत्ता सोडताना त्याची मूठ मीच हळूच उघडली, आणि ते काम सोपे नव्हते. त्याच्या आईला वाटले, एवढ्याशा गोष्टीचे आम्ही फार करतो आहोत. तसे असेलही. घरी आल्यावर पाचही नकली पत्त्यांवर नातवाने स्वतःच्या हाताने 'नकली' असे लिहिले आणि ते माझ्या कपाटात ठेवले.

संवत्सरीला त्याने छोटूला मिच्छामि दुक्कडं म्हटले. छोटूने काही न समजून मान हलवली आणि विचारले, "हा बॅक्सकॅलिबर करतो काय?" मग दोघे जिन्यात बसून तासभर खेळले. छोटू जिंकला, असे कळले.

क्रमवारीचा कागद अजून नातवाच्या वहीत आहे. मी लावलेले क्रमांक आजही बरोबर आहेत असे मला वाटते. चूक क्रमांकात नव्हती. मोल ओळखायला शिकवले. ज्याला ते ओळखता येत नाही त्याच्याशी कसे वागावे, हे शिकवायचे राहून गेले होते.

दर संवत्सरीला आपण ज्ञात-अज्ञात सर्व जीवांची क्षमा मागतो. माझ्या त्या क्षमापनेत ती म्हातारी इतकी वर्षे 'अज्ञात' सदरात राहिली. नाव माहीत नसले तरी ती मला अज्ञात नव्हती. ती आता हयात असणे शक्य नाही. तिची मुले-नातवंडे पाथर्डी तालुक्यात कुठेतरी असतील. त्यांच्यापर्यंत हे पोचेल असे नाही. तरी या पानावर, आपणा सर्वांच्या साक्षीने, त्या आठ आण्यांबद्दल तिला मिच्छामि दुक्कडं.