चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. एका पोस्टिंगवर आम्ही दोन वर्षं बरोबर होतो. त्यांचा मुलगा बँकेत आहे आणि त्याची बदली ऐझॉलला झाली आहे. "साहेब, तिथं रविवारी म्हणे चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. घरमालक पोराला चर्चला चल म्हणतोय. जाऊ दे का?" मग जरा आवाज खाली करून, "तिथं काही करायला तर लावत नाहीत ना?"

हा प्रश्न मनात असलेले आणि तो कधीच न विचारणारे पुष्कळ लोक मला माहीत आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आम्हा फौजींचं सांगतो. अधिकाऱ्याचा धर्म घरी काहीही असो, पलटणीत तो जवानांबरोबर बसतो. मी वारकरी घरातला. खडकवासल्याहून डेहराडूनला आणि तिथून थेट शीख पलटणीत. पहिल्याच रविवारी सुभेदार मेजर साहेबांनी बरोबर नेलं, डोकं झाकून गुरुद्वाऱ्यात बसलो आणि नंतर लंगरला वाढलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने फक्त विचारलं, प्रसाद काय होता?

पण तो गुरुद्वारा आमच्या घरातला. गावातल्या लोकांच्या चर्चमध्ये, तेही ऐझॉलमध्ये, फौजी म्हणून जाऊन बसणं वेगळं. माझ्या कार्यालयातल्या मिझो सुभेदार साहेबांनी बोलावलं तेव्हा मीही चार दिवस विचार केला. मग गणवेश न घालता, साधा कोट चढवून गेलो.

कोट घाला, हे पहिलं सांगणं. आपल्याकडे देवळात जाताना स्वच्छ कपडे पुरतात. तिथे रविवारी टॅक्सीवालाही टाय लावून येतो आणि बायका हातमागावरचा ठेवणीतला पुआन नेसून येतात. बूट काढायचे नाहीत, टोपी मात्र काढायची. शीख पलटणीत वर्षं घालवलेल्या माणसाला देवासमोर उघड्या डोक्याने बसताना पहिल्यांदा चुकचुकतं. घंटा एकदा आधी होते, घरातून निघा म्हणून, आणि दुसऱ्यांदा उपासना सुरू होताना. दुसऱ्या घंटेपर्यंत जागेवर असावं. लष्कराबाहेर वेळेची इतकी शिस्त मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात, तेवढं आत शिरताना पाहून घ्यावं.

पुढचा क्रम साधा आहे. गीत, प्रार्थना, बायबलचं वाचन, सूचना, दान, उपदेश, पुन्हा गीत, शेवटी आशीर्वाद. उठायचं कधी आणि बसायचं कधी, ते पुढच्या ओळीकडे बघून कळतं. पाहुणा दिसला की सूचनांच्या वेळी नाव घेऊन स्वागत करतात. तेव्हा उभं राहून हात जोडले की झालं, भाषण करावं लागत नाही. एका गोष्टीची मात्र आधी कल्पना असू द्या. कधी कधी प्रार्थनेच्या वेळी सगळी सभा एकदम मोठ्याने, प्रत्येक जण आपापली प्रार्थना म्हणू लागते. शेकडो आवाज, कुणाचा कुणाशी मेळ नाही, कुणी रडतंही. दचकू नका. दोन-तीन मिनिटांत सगळं शांत होतं आणि लोक रुमालाने डोळे पुसून पुढचं गीत काढतात.

गाणं हा तिथला खरा ऐवज. गीतांच्या पुस्तकात आपल्या सारेगमसारखी अक्षरांची स्वरलिपी छापलेली असते, वेल्श मिशनऱ्यांनी रुजवलेली. लहान पोरंसुद्धा ती वाचतात. त्यामुळे चार वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर समोरून एकदम येतात, आणि गाणाऱ्यांत कोणी गवई नसतो, सगळे शेजारीपाजारी. मिझो भाषेला लिपी मिळाली ती 1894 मध्ये आलेल्या लॉरेन आणि सॅव्हिज या दोन मिशनऱ्यांमुळे. लिपी रोमन असल्याने आपल्याला अक्षरं वाचता येतात, अर्थ मात्र काही लागत नाही. पण चाल धरून गुणगुणायला तेवढं पुरतं.

आणि ढोल. त्याला खुआंग म्हणतात. सुरुवातीला मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये त्याला जागा नव्हती, कारण तो झू नावाच्या तांदळाच्या दारूच्या मेजवान्यांत वाजायचा. पुढे लोकांनीच तो आत आणला. आता धीम्या ठेक्याची गाणी त्याच्याशिवाय होत नाहीत. तो ऐकताना मला पखवाज आठवला. उगाच साम्यं शोधायची मला सवय नाही, पण पाय ठेका धरतो तेव्हा डोक्याला कोण विचारतं!

आता सुभेदार साहेबांचा प्रश्न. काही करायला लावतात का? मी त्या पोस्टिंगवर अनेकदा गेलो. मला कुणी गुडघे टेकायला सांगितलं नाही, कुठे सही मागितली नाही, घरी पुस्तकं पाठवली नाहीत. दानाची पिशवी फिरते. हवं तर नोट टाका, नसेल टाकायची तर पिशवी पुढे द्या, कोणी बघत नाही. खरं दान तर घरीच झालेलं असतं. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, त्याला बुहफाय थाम म्हणतात. माझी आजी जात्यावर बसण्याआधी पसाभर दाणे काढून ठेवायची, तसंच ते. प्रभुभोजनाचा रविवार असेल, तर भाकर आणि छोटे पेले फिरतात. ते त्यांच्या सभासदांसाठी असतात. आपण स्वस्थ बसावं आणि तबक पुढे जाऊ द्यावं. वसईला कॅथलिक मिस्सेत गेलात तर लोक रांगेने पुढे जातात, तिथेही आपण जागेवर थांबायचं. थांबणाऱ्याचा मान कमी होत नाही.

उपासना संपली की चहा. आम्हा मराठी माणसांचा मिशनच्या चहाशी जुना संबंध आहे. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट मंडळींवर ग्रामण्य झालं होतं. मी निवांत दोन कप घेतले.

त्या चहाच्या वेळी माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ पुन्हा भेटले. वय साठीच्या पुढचं. उपासनेत त्यांनी न विचारता आपलं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं होतं आणि ओळीखाली बोट फिरवत होते. आता त्यांनी सुभेदार साहेबांमार्फत विचारलं, हे फौजी आहेत ना? मी हो म्हटलं. मग ते सांगत गेले. 1966 च्या मार्चमध्ये बंड झालं तेव्हा ते लहान होते. बंडवाल्यांनी मोहिमेला नाव दिलं होतं जेरिको, तेही बायबलमधलं. 5 मार्चला ऐझॉलवर आपल्याच वायुदलाची विमानं आली. पुढच्या वर्षी त्यांचं गाव फौजेने हलवलं, रस्त्याकडेच्या वसाहतीत. मागे घरं जळत होती. आईने पाठीवरच्या टोपलीत तांदूळ घेतले आणि वर गीतांचं पुस्तक ठेवलं. नव्या जागी पहिलं उभं राहिलं ते बांबूचं चर्च.

हे सगळं त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण गणवेश तोच आहे, आणि त्या गणवेशाचा पगार मी घेतो. शांतता करार 30 जून 1986 ला झाला, राज्य 1987 ला मिळालं, हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. टोपलीचं कुठल्या पुस्तकात नव्हतं. उत्तर द्यावं असं काही सुचलं नाही. त्यांनाही ते नको होतं. त्यांनी माझा कप भरला आणि पुढच्या रविवारी येणार का, विचारलं.

गेलो. पुढेही जात राहिलो.

त्या हिवाळ्यात रजेवर गेलेला आमचा एक मिझो जवान रस्त्याच्या अपघातात गेला. युनिटतर्फे पुष्पचक्र घेऊन मी त्याच्या गावी पोचलो. तिथे मयताच्या घरी लोक रात्री जमतात आणि गात राहतात, एकच रात्र नाही, पुढेही. बाकं मांडली होती, मधे ढोल होता, पोरं चहाची किटली फिरवत होती. मला वडिलांच्या शेजारी बसवलं. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि मला मिझो. कोणीतरी गीताचा क्रमांक सांगितला. आकडे तोवर मला कळायला लागले होते. मी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि आम्हा दोघांच्या मधे धरलं.