एका रात्रीच्या मुक्कामाचे गाव

कारगिलला राहायचे असे आम्ही ठरवलेच नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रीनगरहून लेहला जायचे, वाटेत रात्रीपुरते कारगिल, एवढाच बेत. हे गाव श्रीनगर आणि लेह या दोन्हींपासून साधारण 200 ते 220 किलोमीटरवर पडते. त्यामुळे प्रवासी इथे संध्याकाळी उतरतात, जेवतात, झोपतात आणि पहाटे निघून जातात. आम्हीही तेच केले असते. पण जोझिला ओलांडताना आम्हा दोघांपैकी एकीला इतक्या उलट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता सुमोवाला भोंगा वाजवून थकला, तरी आम्ही उठलो नाही. लेहच्या खोलीचे आगाऊ पैसे बुडाले. मुलाच्या दोन सॅक पाठीवर घेऊन निघालो तेव्हा तो हसला होता, "अम्मी-अब्बा बॅकपॅकर झाले!" पाठीवरचे ते ओझे आम्ही कारगिलमध्ये उतरवले ते पाच दिवसांसाठी.

आम्ही दोघेही शिक्षक. दरवर्षी 26 जुलैला फळ्यावर नकाशा काढून मुलांना कारगिल दाखवतो. 1999 चे युद्ध, बर्फाची शिखरे, शहीद जवान हे सारे सांगतो. पण त्या नकाशात एक बाजार असेल, तिथे सकाळी तंदूरवर रोट्यांसाठी रांग लागत असेल, दप्तर घेतलेली मुले उर्दूचे धडे घोकत चालली असतील, हे इतक्या वर्षांत एकदाही आमच्या मनात आले नव्हते.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,700 मीटर उंचीवर, सुरू नदीच्या काठी. चहूबाजूंना उघडे, मातकट डोंगर आणि खाली पाण्यालगत पॉपलर आणि जर्दाळूची हिरवी पट्टी. मे महिन्यात आमच्या मराठवाड्यात पारा 42 वर असतो; इथे दुपारीही स्वेटर काढवत नव्हता. घाई कसलीच नव्हती. सकाळी बाजारात एक फेरी, मग पुलावर उभे राहून नदी पाहणे, मग चहा. दुकानांच्या पाट्या उर्दूत वाचता येत होत्या याचेच आम्हाला अप्रूप. आमच्या गावी उर्दू पाटी शोधावी लागते.

दुसऱ्या दिवशी मुन्शी अझीझ भट संग्रहालय पाहिले. मुन्शी अझीझ भट हे इथले व्यापारी. त्यांनी 1920 च्या सुमारास कारगिलमध्ये सराय बांधली. तेव्हा यारकंद, लेह, स्कार्दू आणि श्रीनगरचे काफिले इथे थांबत. फाळणीनंतर सीमा बंद झाल्या, काफिले थांबले आणि सरायीला कुलूप लागले. माल आतच राहिला. पुढे नातवंडांनी तो बाहेर काढला आणि 2004 मध्ये त्याचे संग्रहालय केले. घोड्यांची खोगिरे, गालिचे, भांडी, जुने कागद. म्हणजे एका रात्रीपुरते थांबण्याचे गाव ते तेव्हाही होते. पण तेव्हा वाटा चार दिशांना फुटत. आता दोनच उरल्या.

आम्ही एका घरातच खोली घेतली होती. घरच्या म्हाताऱ्या आजींना सगळे 'अपी' म्हणत, तेच त्यांच्या बोलीत आजी. अपींना उर्दू जेमतेम येई, नातू दुभाष्याचे काम करी. नमकीन चहा आणि सुकलेले जर्दाळू समोर ठेवून त्या बसत. बी फेकू देत नसत. दगडाने फोडून आतला गर हातावर ठेवत, चवीला थेट बदामासारखा.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही शिक्षकी सवयीने विचारले, "तुम्ही मुसलमान, मग घरात उर्दू का नाही? ही बोली तर तिबेटी वळणाची वाटते. पाण्याला तुम्ही 'छू' म्हणता."

अपींनी उत्तर दिले नाही, फक्त चहा ओतला. नातवाने मात्र विचारले, "तुम्ही काय बोलता?"

"घरी दखनी, बाहेर मराठी. शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही."

"मराठी? ती तर हिंदूंची ना?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वीस वर्षे हाच प्रश्न आम्ही शिक्षक-खोलीत ऐकला, रेल्वेत ऐकला, आपल्याच नातेवाइकांकडूनही ऐकला. "तुमचे मराठी किती छान आहे हो," या कौतुकातही तो दडलेला असतो. आणि काही मिनिटांपूर्वी तोच प्रश्न आम्ही या म्हातारीला तिच्याच घरात, तिचाच चहा पीत विचारला होता. माफी मागितली. नातवाला ती कशाबद्दल हे कळले नाही, म्हणून मग सगळे उलगडून सांगावे लागले. अपी तेवढ्यावर खूप हसल्या.

अपींचे माहेर हुंदरमानचे. कारगिलहून दहाएक किलोमीटरवरचे हे गाव 1971 पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होते, त्या युद्धात भारताकडे आले. चौथ्या दिवशी आम्ही ते पाहून आलो. जुनी दगडमातीची घरे एकाला एक चिकटून उतारावर उभी आहेत. त्यातल्या एका घरात गावकऱ्यांनी जपलेल्या वस्तू आणि ताटातूट झालेल्यांची पत्रे मांडली आहेत. लढाई झाली तेव्हा अपींचा थोरला भाऊ कामासाठी स्कार्दूला गेला होता. तो तिकडेच राहिला. स्कार्दूचा रस्ता 1948 पासून बंद. भावाचा इंतकाल झाला तेव्हा चौथ्या दिवशी फोनवरून कळले. सुरूचे पाणी मात्र ताबारेषा ओलांडून पुढे सिंधूला मिळते, आणि सिंधू स्कार्दूवरून जाते. आम्हाला हे पुस्तकातून माहीत होते. अपींनी ते खिडकीतून हात दाखवून सांगितले.

आता भाच्याशी मोबाइलवर आवाजी निरोप चालतात. निघायच्या आदल्या रात्री अपींनी फोन आमच्यापुढे धरला. मराठीत बोला, म्हणाल्या. त्यालाही ऐकू दे.

काय बोलावे सुचेना. शेवटी म्हटले, "दादा, सलाम. तुमच्या आत्या खुशाल आहेत. जर्दाळू फार गोड आहेत. तब्येतीला जपा." अपींनी तो निरोप दोनदा ऐकला आणि पाठवून दिला.

लेह राहिलेच. सकाळी श्रीनगरच्या गाडीत बसेपर्यंत उत्तर आले नव्हते. तिकडे वीज नसेल, असे नातू म्हणाला. सॅकमध्ये अपींनी दोन किलो जर्दाळू कोंबले होते, बिया फोडायला एक गोल दगडही.