आम्ही देवमासा पाहायला जातो

"नदीत देवमासे?" मी चष्मा कपाळावर चढवून चिरंजिवांकडे पाहिले. मॉन्ट्रियलला येऊन आम्हांला जेमतेम आठवडा झाला होता.

"बाबा, सेंट लॉरेन्स म्हणजे काही मुठा नव्हे!"

ते मात्र खरे. तादुसाक गावापाशी या नदीचे पाणी खारट होते. समुद्राकडून आलेला, तीनशे मीटरहून खोल असा पाण्याखालचा चर तेथे एकाएकी संपतो. भरतीबरोबर तळाचे गार पाणी वर चढते, त्याबरोबर कोळंबीसारखे बारीक जीव येतात, आणि या पंगतीला देवमासे हजर होतात. मे ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. पांढरा बेलुगा तेवढा बारमाही रहिवासी.

हट्ट हिचा होता. हिच्या डोळ्यांच्या पडद्याचे दुखणे दोन वर्षे वाढतच चालले होते. मधोमध काळा डाग, कडेचे तेवढे दिसते. "आहे तोवर एखादी मोठी वस्तू पाहून घेते," म्हणाली. आता देवमाशाहून मोठी वस्तू कोठून आणायची?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. क्वेबेक शहरापासून तादुसाक दोनशेवर किलोमीटर. शेवटी सागने नदी ओलांडायला फेरीबोट, तीही फुकट! पुणेकराला आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. स्वेटर, कानटोपी, वर रेनकोट, तरी दात वाजत होते. बेलुगांपासून बोटीला ४०० मीटर दूर राहावे लागते. एके काळी त्यांना मारल्याबद्दल सरकार बक्षीस देई! १९७९ पासून शिकार बंद आहे, तरी आज तेथे ते दोन हजारांच्या आसपासच उरले आहेत.

"दोन वाजता!" निवेदक ओरडे. म्हणजे घड्याळात दोनचा आकडा असतो त्या दिशेला. सगळे तिकडे धावत. ही मान वळवीपर्यंत पाठ बुडालेली असे. तीनदा असे झाले. चौथ्यांदा तिने मान वळवलीच नाही. "छान होते हो," उतरताना एवढेच म्हणाली. मुलाने तिकिटांना किती पैसे मोजले, हे तिला ठाऊक होते.

तिसऱ्या प्रहरी सूनबाईने आम्हांला जवळच्याच काप-द-बों-देझीर येथे नेले. तेथे बोट नाही. उतरता खडक आणि लगेच खोल पाणी, म्हणून देवमासे काठाशी येतात. शाली गुंडाळून आम्ही खडकावर बसलो. वारा पडला होता.

एकाएकी हिने माझे मनगट धरले. "अहो, ऐका!"

मला काहीच ऐकू येईना. मग पुन्हा आवाज झाला. लोहाराच्या भात्यातून सुटावा तसा मोठा, लांब श्वास.

"डावीकडे," ती म्हणाली. आम्ही तिघे डावीकडे वळलो, तेव्हा कोठे काळी पाठ दिसली. पुढे तासभर ती सांगत होती आणि आम्ही पाहत होतो. सात वेळा! एकदाही चुकली नाही. चिरंजीव तर दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून आईच्या तोंडाकडे बघत बसले.

तुम्ही गेलात तर बोटीत जरूर बसा. पण एक दुपार त्या खडकासाठी राखून ठेवा, आणि तेथे गप्पा मारू नका.

परवा शेजारच्या काकूंनी हिला विचारले, "काय हो, देवमासा पाहिलात?"

"ह्यांनी पाहिला," ही म्हणाली, "मी दाखवला."