माशांचे घर

मुलांनो, तुम्ही संगमरवर पाहिला आहे का? निदान ताजमहालाचे चित्र तर तुम्ही नक्कीच पाहिले असेल. असा किमती दगड कोणी मुद्दाम समुद्रात बुडवला, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, "हा काय वेडेपणा!" मलाही आधी तसेच वाटले. पण हा वेडेपणा करणारा माणूस मच्छीमार आहे, हे कळल्यावर मी ती हकीकत नीट वाचली. कारण माझे मामूही मच्छीमार आहेत.

मामूंचे घर रत्नागिरीला. होडी लहान. संध्याकाळी जाळे लावायचे आणि पहाटे काढायचे, असा त्यांचा रोजचा क्रम. मी सातवीत असताना सुटीत त्यांच्याकडे गेलो होतो. एके दिवशी पहाटे आम्ही होडीतून गेलो, तर जाळे जागेवर नव्हते! रात्री एक ट्रॉलर किनाऱ्याच्या फार जवळून गेला होता. त्याने ते फरफटत नेले होते. शोधाशोध केल्यावर अर्धे जाळे मिळाले, तेही फाटलेले. मामू काही बोलले नाहीत. घरी येऊन ओसरीवर बसले आणि त्यांनी सुई-दोरा हातात घेतला. मामींनी ठेवलेला चहा तसाच थंड झाला. ते जाळे कर्ज काढून घेतले होते, हे मला पुढे कळले.

ट्रॉलर ही मोठी यांत्रिक बोट. तिच्यामागे पिशवीसारखे मोठे जाळे बांधलेले असते. त्याला वजने लावून ते समुद्राच्या तळावरून ओढतात. वाटेत लहान पिले येवोत, अंडी येवोत की गवत येवो, सारे खरवडून निघते. आपल्या महाराष्ट्रात 1981 च्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या ठरावीक पट्ट्यात ट्रॉलरना मनाई आहे. पण रात्रीच्या अंधारात दर्यावर पहारा कोण करणार?

हेच दुःख इटलीतील एका मच्छीमाराचेही होते. त्याचे नाव पाओलो फांचुल्ली. तो तस्कनी प्रांतात, तालामोने नावाच्या गावी राहतो. तेथील समुद्रात पोसिडोनिया नावाची वनस्पती उगवते. दिसते गवतासारखी, पण तिला मुळे असतात, फुलेही येतात. या हिरव्या कुरणात मासे अंडी घालतात, पिले लपतात. ती फार सावकाश वाढते, वर्षाला अवघे काही सेंटीमीटर. ट्रॉलरचे जाळे एका रात्रीत जे उपटून टाकते, ते पुन्हा उगवायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

तेथेही कायदा होताच. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत असे जाळे ओढायचे नाही. तरी चोरून बोटी येत. पाओलोने विरोध केला. त्याला धमक्या आल्या. 2006 साली तेथे काँक्रीटचे ठोकळे समुद्रात टाकले गेले, पण ते पुरे पडले नाहीत. मग त्याच्या मनात एक विचार आला. दगडच टाकायचे, तर ते सुंदर का असू नयेत?

त्याच प्रांतात कारारा येथे संगमरवराच्या प्रसिद्ध खाणी आहेत. मायकेलअँजेलोसारखा थोर शिल्पकार तेथून दगड नेत असे. पाओलोने एका खाणीच्या मालकाकडे दोन दगड मागितले. मालकाने शंभर दिले! अनेक शिल्पकारांनी ते घडवले. एमिली यंग या शिल्पकर्तीने प्रचंड आकाराचे चेहरे कोरले. लोकांनी वर्गणी दिली. 2015 मध्ये क्रेनने पहिली शिल्पे पाण्यात सोडली गेली. पुढे त्यांची संख्या तीसच्या वर गेली. या उपक्रमाचे नाव 'कासा देई पेशी', म्हणजे 'माशांचे घर'.

आता चोरून येणाऱ्या ट्रॉलरचे जाळे या दगडांत अडकते आणि फाटते. मला आवडली ती याच्या पुढची गोष्ट. वाळूच्या तळावर जीवांना धरून बसायला काही नसते. दगड मिळाला की त्यावर शेवाळ धरते, शिंपले चिकटतात, कपारीत खेकडे राहू लागतात आणि त्यांच्यामागून मोठे मासे येतात. शिल्पकाराने दिलेले रूप हळूहळू झाकून जाते. याची त्या शिल्पकारांना खंत वाटत असेल का, कोण जाणे!

गेल्या ईदला मी ही हकीकत मामूंना सांगितली. ते आता थकले आहेत, पण जाळ्याची सुई सुटलेली नाही.

"दोन मागितले आणि शंभर दिले?" त्यांनी दोनदा विचारले. मग म्हणाले, "आणि त्याचं स्वतःचं जाळं नाही अडकत त्यात?"

मी म्हणालो, "मामू, तो तुमच्यासारखाच लहान जाळी लावतो. तळावरून ओढत नाही."

त्यांनी मान हलवली. मी मोबाइलवर त्या दगडी चेहऱ्याचे छायाचित्र दाखवले. मामूंनी चश्मा लावून ते बराच वेळ पाहिले. मग चेहऱ्याच्या डोळ्याजवळच्या खोबणीवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे शेवंड बसेल बघ."