वरचा मजला

नागपुरात राहावं की राहू नये, हा वाद मे महिन्यात घालू नये. डिसेंबरातही घालू नये. मे महिन्यात नागपूरची बाजू घेणारा हट्टी ठरतो आणि डिसेंबरात नावं ठेवणारा कृतघ्न. पण आमच्या घरी हा वाद नेमका मे महिन्यातच होतो, कारण विदर्भात लग्नं मे महिन्यात निघतात आणि लग्नाला पुण्याची नणंद येते. उन्हाळ्यात चारशे माणसं मांडवात जमवायची, हाही आमचा एक हट्टच.

"अगं, कसे राहता गं तुम्ही या भट्टीत?" कूलरसमोर पाय पसरून ती विचारते.

"ताई, कूलरसमोर बसून विचारताय म्हणून सांगते, बरे राहतो."

खरं तर उन्हाबद्दल तिला सांगायचं ते सगळं आकड्यांत सांगून झालेलं असतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. मागाहून हवामान खात्याने यंत्रातच बिघाड असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या गल्लीत काही जणांचे चेहरे पडले. इतक्या वर्षांची तपश्चर्या, आणि विक्रम यंत्राच्या चुकीचा निघाला!

आकडा काहीही असो, उन्हाची एक शिस्त या शहराने अंगी बाणवली आहे. एप्रिल लागला की कूलर धुऊन निघतात, वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, बंद पडलेला टिल्लू पंप कुणीतरी उलटा करून आपटतो आणि तो चालूही होतो. ओल्या वाळ्याचा पहिला झोत अंगावर आला की घरात एकदम सगळ्यांना झोप येते. मग कूलरमध्ये पाणी कुणी टाकायचं यावरून भांडणं. मुलगी असो की म्हातारा, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय दुपारी कुणी फाटकाबाहेर पडत नाही. घरात कैरीचं पन्हं, खिशात कांदा. पंचवीस मेच्या सुमारास नवतपा लागतो. नऊ दिवस ऊन कडक पडलं तर पाऊस चांगला, असा इथला समज आहे, म्हणून तेव्हा घामाघूम होऊनही लोक ऊन वाढावं असंच म्हणतात. खरी परीक्षा त्यानंतर जूनमध्ये असते. ढग येतात, पाऊस येत नाही, हवा चिकट होते, आणि ज्या कूलरवर दोन महिने विश्वास टाकला तो ओल्या फडक्यासारखा तोंडावर येतो. नणंद तोवर पुण्याला परत गेलेली असते. तिने नागपूरचा जून पाहिलेला नाही, हे मी तिला कधी सांगत नाही.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. उन्हाच्या या गमती सांगणारे आम्ही सगळे सावलीत बसलेले असतो. अलीकडे काही चौकांत सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधतात, ते चांगलंच आहे. मात्र इमारतीच्या स्लॅबवर लोखंड बांधणाऱ्याला, हातगाडीवर टरबूज विकणाऱ्याला या शहरात राहावं की नाही असं विचारलं, तर तो आधी आपल्याकडे पाहील आणि मग कामाला लागेल.

ऊन बाजूला ठेवलं तर नागपूरच्या बाजूने जे पहिलं बोललं जातं ते म्हणजे ऐसपैसपणा. रस्ते रुंद, झाडं भरपूर, अंतरं आटोक्यात. सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरून, येताना तर्री-पोहे खाऊन, नऊच्या आत घरी येता येतं. गोरेवाड्याचं जंगल शहराला लागून, पेंचचा वाघ दोन तासांवर. सिव्हिल लाइन्समधून गेलं की वाटतं, एखाद्या राजधानीतून चाललो आहोत.

चाललेलो असतोच. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी इथे होती, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशचीही इथेच होती. विधानभवन, दगडी उच्च न्यायालय, मोठ्या आवारांचे बंगले हे सगळं त्या काळचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. राजधानीसाठी शिवलेला अंगरखा अंगावर राहिला, राजधानी निघून गेली. ज्या ऐसपैसपणाचं आम्ही इतकं कौतुक करतो तो आमच्या नियोजनाचा नसून आमच्या नुकसानीचा आहे. मंत्रालय इथे असतं तर सिव्हिल लाइन्समधल्या त्या चिंचा आणि कडुनिंब कधीच राहिले नसते.

याच शहरात त्याआधी अठराच दिवस, १४ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. महिन्याभराच्या आत या शहराचं एक महत्त्व गेलं आणि दुसरं आलं. पहिल्याबद्दल दिवाणखान्यात अजून हळहळ ऐकू येते. दुसरं पाहायचं असेल तर विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर उभं राहावं. डोक्यावर वळकटी, हातात लेकरू, आणि परतताना पिशवीत पुस्तकं. जत्रेतून माणसं पुस्तकं घेऊन घरी जातात असं शहर मला दुसरं माहीत नाही.

राजधानीची भरपाई म्हणून आम्हाला हिवाळी अधिवेशन मिळालं. १९५३ च्या नागपूर करारात शब्द दिला होता, त्याप्रमाणे दर हिवाळ्यात सरकार येतं. महिनाभर आधी दुभाजक रंगतात, खड्डे बुजतात, मोर्च्यांसाठी कठडे लागतात. मुंबईचे अधिकारी संत्री खातात, सावजीचं मटण खाऊन डोळे पुसतात, हवा काय छान आहे म्हणतात आणि एक-दोन आठवड्यांत विमानात बसतात. त्यांनी पाहिलेलं नागपूर म्हणजे डिसेंबर. त्यांच्या मतावर विसंबून कुणी इथे घर घेऊ नये.

आता खरा मुद्दा. आमच्या कॉलनीत बहुतेक घरं दुमजली आहेत. खालचा मजला नोकरीच्या पहिल्या कर्जातून, वरचा मुलाच्या नावाने. वर स्वतंत्र जिना, स्वतंत्र स्वयंपाकघर, लाल-पिवळ्या काचांची खिडकी, आणि भिंतीला बाहेरून कूलरचं लोखंडी स्टँड. स्टँडवर कूलर नाही. मुलगा हिंजवडीत, सून बाणेरला एका कंपनीत, नाहीतर दोघं थेट न्यू जर्सीत. वरच्या मजल्यावर आता वाळवणं, जुना टीव्ही आणि मुलाच्या बारावीच्या वह्या. संध्याकाळी शेजारचे काकाजी झाडाला पाणी टाकता टाकता सांगतात, "नातू मराठी समजते, बोलून नाही राहिला फक्त." त्यांच्या आवाजात तक्रार नसते, बातमी असते.

मुलांनी जाऊ नये असं कोण म्हणेल? मिहान या उद्योगप्रकल्पाची स्वप्नं आम्ही दोन दशकं ऐकली. काही कंपन्या आल्या, आयआयएम आलं, एम्स आलं. तरी इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा संपली की पोरं पुण्याच्या गाडीत बसतात ती बसतातच. वीज मात्र आम्ही इथे करतो. कोराडी-खापरखेड्याची राख आमच्या वाट्याला, प्रकाश सगळ्या राज्याच्या. आणि ते राज्य पुन्हा लांब. मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या पलीकडे. हैदराबाद आणि भोपाळ तिच्याहून जवळ. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं विमानाशी स्पर्धा करतं. २०२५ मध्ये अजनीहून पुण्याची वंदे भारत सुरू झाली, तीही जवळपास बारा तास घेते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. त्यावरून मुलं लवकर येतील असं आम्हाला वाटलं होतं. गेली मात्र लवकर.

जाणाऱ्या मुलाची आणि थांबलेल्या मुलाची गोष्ट महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'त केव्हाच मांडून ठेवली. तेही याच शहरात राहतात. नाटकातला वाडा खेड्यातला होता. आमच्याकडे तो आता दुमजली होऊन शहरात आला आहे, आणि ओसरीच्या जागी पार्किंग आहे, एवढंच.

दोष झाकायचेच नाहीत तर आणखी दोन सांगते. आमच्याकडे पूर येत नाही, अशी प्रत्येक नागपूरकराची खात्री होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरातल्या सुखवस्तू वस्त्यांत कमरेएवढं पाणी शिरलं. माणसं दगावली. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळालं असं सांगतात, तिला आम्ही वर्षानुवर्षं नाला म्हणत आलो होतो. त्या रात्री ती नदी होती. सिमेंटचे रस्ते तर थरावर थर चढून घराच्या ओट्यापेक्षा उंच झाले आहेत. चार थेंब पडले की लोक आधी मोटारी हलवतात, मग स्वतः हलतात.

दुसरा दोष जास्त जुना आहे. हे शहर अघळपघळ बोलतं, पाहुण्याला सांबारवडी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही, पण घर भाड्याने द्यायची वेळ आली की आधी आडनाव विचारतं. आडनावावरून समजलं नाही तर गाव विचारतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर "घरी मटण वगैरे शिजतं का हो?" असं सहज विचारतं. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे त्या शहराने हे विचारावं, याची लाज उन्हापेक्षा जास्त वाटायला हवी.

तक्रारींची आमची एक जाहीर रीतही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. शंभराहून अधिक वर्षांची चाल. मागे बडगे नावाचे पुतळे असतात आणि त्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षाची दुखणी लटकवलेली असतात. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादा पुढारी. सगळी रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक इतवारी-महालातून फिरतात आणि शेवटी पुतळे जाळतात. पुढच्या वर्षी त्याच पाट्या पुन्हा रंगवाव्या लागतात. नणंदेला एकदा मी हे दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे याला निवेदन देणं म्हणतात." दोन्हींचा परिणाम सारखाच होतो, हे मात्र दोघींनी मान्य केलं.

वर्षानुवर्षं हा वाद घालताना एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. आम्ही नागपूर नेहमी पश्चिमेकडून मोजत होतो. पुण्यात काय आहे ते इथे नाही, मुंबईत काय आहे ते इथे नाही. पश्चिमेकडून मोजलं की नागपूर हरणारच. त्याला पूर्वेकडून पाहणारी माणसं बघायची असतील तर सकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, फाटकाशी जावं. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून रात्रभर प्रवास करून आलेली कुटुंबं तिथे झाडाखाली डबे सोडत असतात. मोठा इलाज म्हणजे नागपूर. मोठं कॉलेज म्हणजे नागपूर. पहिली मेट्रो, पहिला सरकता जिना, स्पर्धा परीक्षेची पहिली अभ्यासिका, सगळं नागपूर. अहेरीहून आलेल्या मुलीला हे शहर सुस्त वाटत नाही. इथे रात्री आठला अभ्यासिकेतून एकटीने खोलीवर जाता येतं, याचंच तिला अप्रूप असतं. ज्या शहरातून आमची मुलं निघून गेली, त्याच शहरात ती मोठ्या हिमतीने येते आहे. आणि तिला खोली मिळत नाही. मिळाली तर दहा बाय दहात तिघी, खिडकी नाही, कूलरचे पैसे वेगळे.

म्हणून नणंदेच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता ठरलं आहे. नागपुरात नोकरी शोधायला पुण्याहून कुणी येऊ नये, निराश होईल. मे महिन्यात पाहुणा म्हणूनही येऊ नये. पण सोन्यासारखा पैसा ओतून बांधलेला वरचा मजला ज्यांच्याकडे रिकामा पडला आहे, त्यांनी मुलगा परत येण्याची वाट बघत तो बंद ठेवू नये. टीव्ही आणि वह्या खाली आणा, स्टँडवर एक कूलर बसवा, नव्या ताट्या लावा, आणि गडचिरोलीकडून आलेल्या दोन मुलींना तो भाड्याने द्या. फक्त आडनाव विचारू नका.