त्या घरचे पाणी

येत्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधील लॉख कॅट्रिन या तळ्याला जाण्याचा बेत मी आखतो आहे. तिकडे तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. बिशप महाशयांनी तीन आठवड्यांची रजा मंजूर केली आहे, व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो आहे, आणि माझ्या टेबलावर, विवाहनोंदणीच्या वहीशेजारी, त्या तळ्याचा नकाशा उलगडून ठेवला आहे. धर्मग्रामातील मंडळी विचारतात, ‘‘फादर, लूर्द नाही, फातिमा नाही, रोम नाही, नुसते तळे पाहायला एवढ्या लांब?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्यासारखे नाही.

लग्नाला आणि अंत्यविधीला आपले गायकवृंद शूबर्टचे ‘आवे मारिया’ गातात. सेमिनरीत असताना मीही ते गायलो आहे. ती चाल मुळातच लॅटिन प्रार्थनेवर, चर्चसाठी रचलेली असावी, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. वस्तुस्थिती निराळी आहे. सर वॉल्टर स्कॉट यांचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे दीर्घकाव्य १८१० साली प्रसिद्ध झाले. त्याची पार्श्वभूमी म्हणजे हेच लॉख कॅट्रिन. काव्यातील एलन ही तरुणी, राजाच्या रोषास पात्र झालेल्या आपल्या पित्यासह, डोंगरातील गुहेत आश्रय घेते आणि तेथे पवित्र मरियेचा धावा करते. या गीताच्या जर्मन भाषांतराला शूबर्टने १८२५ साली संगीत दिले. लॅटिन शब्द त्या चालीवर मागाहून बसवले गेले. म्हणजे वेदीपुढे गाण्यासाठी हे गीत जन्मले नाही. घरादाराला पारख्या झालेल्या एका मुलीने स्वतःसाठी आणि आपल्या पित्यासाठी केलेले ते मागणे आहे.

आमच्या गायकवृंदात हे गीत माझी भाची गात असे. माझ्या थोरल्या बहिणीची ती एकुलती एक मुलगी. वडील लवकर गेले, तेव्हा तिच्या शाळेच्या फीपासून संगीताच्या शिकवणीपर्यंत सगळे मीच पाहिले. परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती ग्लासगोला गेली आणि आठ वर्षांपूर्वी तिथल्याच एका तरुणाशी तिने नोंदणी पद्धतीने विवाह केला. चर्चमध्ये विवाह करण्यासाठी तिला रीतसर परवानगी मागता आली असती. तिने ती मागितली नाही. आणि का मागितली नाही, हे मी तिला विचारले नाही. मी फक्त पत्र लिहिले. त्यात धर्मशिक्षणाची चार वाक्ये होती, आणि पाचवे वाक्य माझे स्वतःचे होते: ‘ज्या घराला संस्काराचा पाया नाही, त्या घरचे पाणी मी पिणार नाही.’

आमच्या वसईत उंबरठ्यावर आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या देतात, मग काय काम आहे ते विचारतात. तेव्हा हे वाक्य किती खोल लागेल, याची मला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच ते मी लिहिले होते. पत्राला उत्तर आले नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझी बहीण देवाघरी गेली. भाची एकटीच आली. अंत्यविधीच्या मिस्सेला ती शेवटच्या बाकावर बसली होती. गायकवृंदाने ‘आवे मारिया’ सुरू केले आणि दुसऱ्या ओळीला मागून एक ओळखीचा आवाज त्यात मिसळला. मी वेदीवर उभा होतो. वर पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. निघण्याच्या दिवशी ती म्हणाली, ‘‘फादरमामा, त्या गाण्याचे तळे आमच्या घरापासून दीड तासावर आहे. आई नेहमी म्हणायची, एकदा मामाला दाखव. याल का?’’ मी ‘पाहू’ म्हणालो.

तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार सुरू आहे. पण तो सारा बोटींच्या वेळांचा आणि रेनकोटांचा! ती कळवते, जून-जुलैत तिथे बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास असतो, म्हणून सप्टेंबर बरा. मी विचारतो, बोट कोणती? तेथे ‘सर वॉल्टर स्कॉट’ याच नावाची वाफेवर चालणारी जुनी बोट आहे. १८९९ साली ती सुट्या भागांत लॉख लोमंडवरून आणून, पुढे घोडागाड्यांनी डोंगर चढवून, या तळ्याकाठी जोडली गेली. काठाकाठाने जाणारी वाट सुमारे वीस किलोमीटरची आहे. माझ्या गुडघ्यांचा विचार करून ती आम्ही कार्यक्रमातून वगळली.

या चौकशीतच मला त्या तळ्याची दुसरी कथा सापडली. एकोणिसाव्या शतकात ग्लासगो शहरात पटकीच्या साथींनी हजारो माणसे दगावली, कारण पिण्याचे पाणीच दूषित होते. अखेर सुमारे ४१ किलोमीटर लांबीचे बोगदे, कालवे आणि पूल बांधून लॉख कॅट्रिनचे पाणी शहराकडे वळवण्यात आले. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. यंत्राने उपसावे न लागता, केवळ उतारामुळे ते पाणी वाहते. त्यासाठी तळ्याची पातळी वाढवावी लागली आणि स्कॉटच्या काव्यातील पांढऱ्या वाळूचा किनारा पाण्याखाली गेला. कवीच्या चाहत्यांना हळहळ वाटली असेल. पण १८६६ च्या पटकीत ग्लासगो मोठ्या प्रमाणात बचावले.

हे मी तिला मोठ्या उत्साहाने कळवले. तिचे उत्तर एका ओळीचे होते: ‘‘हो फादरमामा, आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला तेच पाणी येते.’’

ही ओळ तिने सहज लिहिली की जाणूनबुजून, हे मला ठाऊक नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर मी आजवर असंख्य प्रवचने दिली. घरात न येता अंगणात उभा राहिलेला थोरला भाऊ तो कोण, हे मात्र मी नेहमी बाकांवर शोधत आलो.

आता एकच अडचण उरली होती. तिच्या पतीला सुट्टी फक्त रविवारी. मी जपूनच लिहिले, की रविवार असेल तर मला आधी मिस्सा अर्पण करावी लागेल; तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. चार दिवसांनी तिने कळवले: ‘‘आमच्या जवळच्या चर्चमध्ये सकाळी साडेनऊची मिस्सा आहे. मी स्वतः जाऊन विचारून आले. तिथले फादर तुम्हाला सहयाजक म्हणून बोलावतात. आम्ही दोघे बाहेर गाडीत थांबू, किंवा आत येऊ. पाहू.’’

‘पाहू’ हा माझाच शब्द होता. तो मी जसाच्या तसा स्वीकारला.

तर असा बेत आहे. मिस्सा, मग मोटार, मग बोट. पाऊस असेल तर तळे कदाचित धुक्यात दिसणारही नाही, असे ती बजावते. त्याची मला चिंता नाही. पोहोचेन त्या संध्याकाळी, सामान खाली ठेवण्यापूर्वी, तिच्याजवळ मला एक पेला पाणी मागायचे आहे. तेवढेच मी तिला कळवलेले नाही.