मेढीचे पाय

मे महिन्यात गावी पोचलो तेव्हा खळ्याच्या पश्चिमेला अजून मासेमारीचं जुनं जाळंच बांधलेलं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आगरातल्या पोफळी एकीवर एक कोसळत आल्या आणि शेवटची आमच्या वईवर, म्हणजे खळ्याच्या कुंपणावर, पडली. रिपांचा चुरा झाला, मेढी मात्र उभ्या राहिल्या. त्यांनाच जाळं गुंडाळून काकूने पावसाळ्यामागून पावसाळे काढले. यंदा तिचा निरोप आला, "वईचं काय ते एकदा ठरव रे. गुरं खळ्यात शिरतात, आता मला उठून धावायला होत नाही."

ठरवायचं ते एवढंच, लाकूड की लोखंड.

दापोलीला जाऊन वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका मुलाला भेटलो. गुणी मुलगा. त्याने केलेल्या फाटकांवर हात फिरवून पाहिला, एकही सांधा बोटाला खुपत नव्हता. "काका, लाकूड आता कोण घालतं? बत्तीस फुटांचं तर काम आहे. दोन दिवसांत उभं करून देतो, मग वीस वर्षं बघायला नको," तो म्हणाला. मला मोह झाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गुरांनी अंग घासलं तरी लोखंड हलत नाही, वाळवीला दाद देत नाही. पुण्यात राहून गावचं घर सांभाळणाऱ्याला 'बघायला नको' हे दोन शब्द किती गोड लागतात, ते त्यालाच ठाऊक.

पण आमच्या खळ्यापासून समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. संध्याकाळी वारा पडला की ओठांवर जीभ फिरवावी, खारट लागते. याच घराच्या गच्चीला आठ वर्षांपूर्वी मी हौसेने लोखंडी कठडा केला होता. रेड ऑक्साइडचा हात, त्यावर काळ्या ऑइलपेंटचे दोन. दापोलीहून आलो तो तडक गच्चीवर गेलो आणि कठड्यापाशी उकिडवा बसलो. गज मधोमध ठणठणीत होता. जिथे तो खालच्या पट्टीला जोडलेला, तिथे रंगाला फोड आला होता. नखाने दाबला तर आतून तपकिरी पापुद्रे निघाले, पानांच्या थप्पीसारखे, एकाखाली एक. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. म्हणून तो रंगाला आतून उचलतो, आणि खांब काँक्रीटमध्ये रोवलेला असला तर काँक्रीटलाही तडा देतो. कठड्याच्या चारही पायांशी तसे तडे होते. मी दर मे महिन्यात आंबे खाऊन परत जात होतो आणि हे माझ्या डोक्यावर चाललं होतं.

जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड घ्यावं, हे मलाही कळतं. वितळलेल्या जस्तात, म्हणजे सुमारे 450 अंश सेल्सिअसला, ते बुडवून काढतात. मग ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ही युक्ती मला फार आवडते. एक धातू दुसऱ्यासाठी आपण होऊन संपत जातो. पण तयार नळ्या आणून जागेवर वेल्डिंग केलं की नेमक्या सांध्यावरचं जस्त जळून जातं, आणि खाऱ्या हवेत उरलेलंही लवकर संपतं. वीस वर्षं न बघण्याचं वचन कोकणच्या किनाऱ्यावर कुणी देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. त्यांनी कुठल्याच बाजूने काही म्हटलं नाही. "आधी एक मेढ उपटून बघू या," एवढंच म्हणाले.

या मेढी खैराच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी आजोबांनी पुरलेल्या, साडेसहा फुटांच्या, त्यातला दीड फूट जमिनीत. पहारीने सैल करून एक बाहेर काढली आणि खळ्यात आडवी ठेवली. वरचा भाग राखाडी, उन्हापावसाने रेषा रेषा उठलेला, पण टणक. जमिनीतला भागही बराचसा धड. खाल्लं गेलं होतं ते नेमकं जमिनीच्या पातळीला, चार बोटांच्या पट्ट्यात. तिथे मेढीची कंबर मनगटाएवढी उरली होती. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. खोल मातीत हवा कमी, वर उन्हात ओल टिकत नाही. मातीच्या काठावर दोन्ही मिळतात. सुतारकाकांनी त्या कंबरेला पटाशी लावली. बाहेरचं पांढरं लाकूड भुसभुशीत पडत गेलं आणि आत लालभडक गाभा लागला. पटाशी तिथे थांबली. ज्या गाभ्यातून कात निघतो, तोच हा.

"हे टाकून तू लोखंड आणणार होतास?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी सागाची चौकशी केली होती, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. हल्ली मिळतो तो कोवळ्या झाडांचा साग, त्यात गाभा थोडा आणि कडेचं पांढरं फार. ते पांढरं वाळवी सोडत नाही. साग म्हणून पैसे मोजायचे आणि वर्षा-दोन वर्षांत हातात माती. शिवाय आपल्या आवारातला साग तोडायचा म्हटलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. ती लागावीच असं माझं मत आहे.

काकूचं म्हणणं वेगळंच होतं. वादळात सगळं गेलं, पण मोगली एरंड वाकला नि पुन्हा सरळ झाला. तोच चारी बाजूंनी लाव. मलाही तो प्रिय. लहानपणी त्याचा चीक काडीच्या फासात धरून आम्ही फुगे उडवायचो. पण गुरं त्याला तोंड लावत नसली तरी दोन झुडपांच्या मधून शिरतातच. आगराच्या मागे रानडुकरं येतात, तिथे मी मुकाट्याने जाड तारेची जाळी घेतली. ती बाजू कुणी बघत बसत नाही.

खळ्यासमोर मात्र लाकूडच. सुतारकाकांनी सगळ्या मेढींचे कुजके पाय कापले, माथ्याच्या चिरा गेलेल्या टोप्याही काढल्या. मग जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ बसवून त्यात जस्त चढवलेले जाड लोखंडी पत्रे उभे केले आणि मेढी त्यांना बोल्टने जोडल्या, मातीपासून चार बोटं वर. हे पत्रे दापोलीच्या त्याच मुलाने केले. त्याला म्हटलं, आधी सगळं वेल्डिंग कर, मग जस्तात बुडवून आण. त्याने तसंच केलं. रिपा वादळात पडलेल्या पोफळींच्याच होत्या. काकूने चिरून माळ्यावर ठेवल्या होत्या. त्यांना काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा पाजावं लागेल. त्यासाठी मी येईन. कठड्याकडेही तेव्हाच बघेन.

पाय आणि टोप्या कापल्यामुळे मेढी चारच फूट उरल्या, आणि वई एकदम ठेंगणी झाली. मला आधी ते चुकलंसं वाटलं. पूर्वी पडवीत बसलं की हर्णैहून येणारी कोळीण दिसायची नाही, वईवरून नुसती तिची पाटी सरकत जायची. ती हाक मारेल तर मारेल. परवा सकाळी काकू झोपाळ्यावर लसूण सोलत होती. मान वर करून तिने पाखाडीकडे पाहिलं आणि हातातला लसूण तसाच ठेवून मोठ्याने म्हणाली, "अगो, तोंड का असं सुकलंय तुझं? ये, आधी पाणी पी. मग दाखव, पापलेट आहे की नुसता बांगडा."